नजरचुकीने

लग्नपत्रिकेच्या तळाशी बारीक टायपात एक ओळ असते: नजरचुकीने कोणाचे नाव राहून गेले असल्यास क्षमस्व. शिरूरला एसटी स्टँडच्या मागे माझं डीटीपीचं दुकान होतं. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून पुढची दहा-बारा वर्षं मी ही ओळ इतक्यांदा टाइप केली की ती बोटांनाच पाठ झाली होती. डोक्याला त्यात काही काम नसे.

आमच्याकडे लग्न दोघांचं असतं आणि पत्रिका दोनशे जणांची. निमंत्रक, स्वागतोत्सुक, व्यवस्थापक, आशीर्वाद देणारे, उपस्थित राहणारे, आणि शेवटी ज्यांना अजून दात आलेले नाहीत अशा मुलांचीही एक रांग. कोण वर, कोण खाली, कुणाच्या नावापुढे सोसायटीचं संचालकपद आणि कुणापुढे नुसतं 'प्रगतशील बागायतदार', ह्यावर घराघरांत बैठका होत. यादी घेऊन येणारा माणूस ती खिशातून असा काढी की जणू आत तहाचा मसुदा आहे. मला ह्या सगळ्याची गंमत वाटे. माणसाला आपलं नाव छापलेलं पाहायची एवढी काय हौस, असं मी तेव्हा मित्रांना म्हणत असे. हे वाक्य पुढे मला फार जड गेलं.

चार रंगांचं मशीन शिरूरात नव्हतं. ते दौंडला स्टेशनसमोरच्या एका छापखान्यात होतं, आणि त्याचा मालक माझा जुना मित्र होता. अडचण अशी की त्या काळी संगणकावरची मराठी हे एक सोंग होतं. आत सगळी इंग्रजी अक्षरं, वर मराठीचा मुखवटा, आणि फाँट विकणाऱ्या प्रत्येक कंपनीचा मुखवटा वेगळा. माझ्या दुकानात टाइप केलेली पत्रिका दौंडला उघडली की नवरा-नवरीच्या जागी कंस, टक्के आणि डॉलरची चिन्हं दिसत. त्यामुळे दौंडला सगळं पुन्हा टाइप करावं लागे, आणि पुन्हा टाइप करताना माणसं गळत.

एकदा असाच राहू गावचा एक वयस्कर शेतकरी गळला. नवरीचा सख्खा चुलता. तो दुकानात आला, पत्रिका टेबलावर ठेवली आणि उभाच राहिला.

"वाचा."

मी वाचली.

"आता ह्यात मी कुठं हाय ते दावा."

तो कुठेच नव्हता. मी तळाच्या ओळीवर बोट ठेवलं. "आबा, हे बघा, खाली लिहिलेलं असतं. नजरचुकीनं…"

"नजर कुनाची चुकली, तेवढं सांगा. भावाची आसंल तर मला लग्नाला जायाचं न्हाई. तुमची आसंल तर तुमाला हितनं जाऊ द्यायचं न्हाई."

माझी, असं मी कबूल केलं आणि सगळ्या पत्रिका पुन्हा छापून दिल्या. तो गेला, पण जाताना म्हणाला, "माझं नाव दोन इंचाचं बी न्हवतं हो. तेवढी बी जागा न्हवती व्हय?"

ह्या प्रसंगानंतर मी मार्ग शोधायला लागलो. नवं शतक लागून दोन-तीन वर्षं झाली होती. शिरूरच्या सायबर कॅफेत शोधता शोधता एक प्रोग्राम सापडला. जुन्या फाँटमधला मजकूर तो नव्या, सगळीकडे सारख्याच दिसणाऱ्या मराठीत बदलत असे, आणि तो फुकट होता. लिहिणाऱ्याचं नाव आणि गाव खाली दिलेलं. गाव बंगळूर किंवा अमेरिकेतलं एखादं असेल असं मी धरून चाललो होतो. ते दौंड निघालं.

तो लिहिणारे आप्पा रेल्वेत सिग्नल आणि टेलिफोनच्या दुरुस्तीवर होते. पन्नाशीचे. रोज रुळाकडेने खडीतून सात-आठ किलोमीटर चालायचं, खांद्यावर हत्यारांची पिशवी. दोन्ही गुडघे त्या खडीने खाल्ले होते. क्वार्टरमध्ये त्यांनी मोडक्या भागांतून जुळवलेला संगणक होता आणि त्यावर त्यांच्या बायकोने विणलेलं झाकण. प्रोग्राम लिहायला ते पुस्तकांवरून शिकले होते, सुटीच्या दिवशी. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा आपल्या प्रोग्रामची गरज असलेला एक माणूस शिरूरहून न्हावऱ्यावरून दोन एसट्या बदलून आलाय, ह्याचंच त्यांना जास्त अप्रूप.

"ह्याचं काय द्यायचं?" मी विचारलं.

"द्यायचं काय न्हाई. पर अट हाय."

त्यांनी कपाटातून एक प्लॅस्टिकची फाइल काढली. तिच्यात रेशनकार्ड, मुलीचं गुणपत्रक आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याचे छापील इंग्रजी कागद होते.

"वापरा, मोडा, जोडा, इका सुदीक," ते म्हणाले. "पर ज्याला द्याल त्याला मूळ कोड द्यायचा. ज्यानं लिवलं त्याचं नाव ठिवायचं. आन् म्होरल्याला बी ह्याच अटीवर द्यायचं. कुलूप लावायचं न्हाई. बास."

"आणि लावलं तर?"

"तर काय? म्या काय कोर्टात जातोय? तुमी चोर, एवढंच." आणि हसत त्यांनी शेवेची बशी माझ्याकडे सरकवली.

माझा फाँट त्यांच्या प्रोग्रामला कळत नव्हता. तो शिकवायला आम्ही पाच-सहा रविवार बसलो. मी कागदावरचे अक्षरांचे आकडे वाचायचो, ते मशीनवर बघायचे. एकशे त्र्याऐंशी कुठलं अक्षर, एकशे चौऱ्याऐंशी कुठलं. त्यांची बायको चहा ठेवून जाताना म्हणाली, "पत्ते खेळत बसला असता तर कोण जिंकलं ते तरी कळलं असतं." शेवटच्या रविवारी राहूच्या त्या आबांच्या घरची जुनी पत्रिका आम्ही त्यातून काढून पाहिली. एकही नाव गळलं नाही. आप्पांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले, "शिरूरकर, मानसं समदी पोचली."

एवढ्यावर थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती.

तालुक्यातले बहुतेक छापखाने पुण्याच्या एका कंपनीचं सॉफ्टवेअर वापरत. त्याची फाइल करायची पद्धत त्या कंपनीचीच, गुप्त. तिच्याशी थेट जुळवून घ्यायचं तर कंपनी आमच्यासारख्यांना एक छोटा भाग देत असे, आपल्या प्रोग्रामला जोडायला. त्याचाही करार होता. हा भाग कुणाला उघडून दाखवायचा नाही, आणि ज्याचा कोड उघडा ठेवावा लागतो अशा कुठल्याही प्रोग्रामला तो जोडायचा नाही. लोक असे करार न वाचता 'मान्य आहे' दाबतात. मला वाचायची खोड. आप्पांचा परवाना आणि कंपनीचा करार, दोन्ही मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचले. हे मुद्दाम सांगतो, कारण माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला कधीच नव्हती. एक कागद म्हणत होता, उघडं ठेव. दुसरा म्हणत होता, बंद ठेव. एकाच प्रोग्रामला दोन्ही पाळता येत नव्हते.

मी आप्पांना विचारलं. त्यांना त्यात अवघड काही वाटलं नाही.

"दोन गाड्या एका रुळावं घालायच्याच कशाला? माझा प्रोग्राम येगळा, तुमचा येगळा. माझा साध्या फायलीत मजकूर काढून ठिवंल, तुमचा त्यो उचलून कंपनीच्या फायलीत घालंल. मधी प्लॅटफॉर्म. त्यांचा कागद बी खूश, माझा बी खूश."

त्या रविवारांत जेवढं शिकलो होतो तेवढ्यावर तसं मी केलं. ते चाललंही. पण दोन खिडक्या उघडायच्या, एकीत दाबायचं, ती बंद करून दुसरीत दाबायचं. दौंडच्या मित्राने खिडकीतलं नाव-गाव न वाचताच दोन दिवस वापरलं आणि म्हणाला, "सगळं झकास आहे, पण दोन-दोनदा कशाला दाबायचं? एकच बटण द्या की राव."

हे वाक्य मला सगळ्यांनी ऐकवलं. आणि एका दुपारी, जेवून आल्यावर, मी ते दोन्ही प्रोग्राम एकत्र जोडले.

क्रम मला नीट आठवतो. आधी आप्पांच्या परवान्याचा मजकूर काढला, कारण कंपनीच्या भागाशेजारी तो दिसणं म्हणजे पुरावाच. मग आप्पांचं नाव काढलं, कारण नाव दिसलं की कुणीतरी दौंडला जाऊन कोड मागेल. मग त्या खिडकीत मोकळी जागा उरली. मोकळी जागा वाईट दिसते, हे डीटीपीवाल्याला लगेच कळतं. तिथे मी माझं नाव घातलं, आणि खाली 'सर्व हक्क सुरक्षित'. ह्या सगळ्याला चहा निवायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. पुढच्या आवृत्तीत बघू, असं मनात म्हणालो. पुढच्या आवृत्तीत मी फक्त खिडकीचा रंग बदलला.

एक बटण सगळ्यांना आवडलं. शिरूर, दौंड, कुरकुंभ, कोरेगाव भीमा, दहा-बारा ठिकाणी ते लागलं. मग छापखानेवाल्यांनी शिरूरात मेळावा घेतला आणि त्यात माझा सत्कार ठेवला. स्टेजमागचा फ्लेक्स अर्थातच माझ्याच दुकानात झाला. 'मराठी संगणकाचे शिल्पकार' ही अक्षरं मीच सारखी केली, माझ्या फोटोचा उजेड मीच वाढवला आणि माझ्या स्तुतीचं प्रूफ मीच तपासलं. शाल झाली, श्रीफळ झालं. पाहुणे सहकारातले एक पुढारी होते. आपल्या भागातल्या ह्या हिऱ्याने जगाला दिपवलं, असं पाऊण तास बोलून ते खाली बसले आणि माझ्या कानाशी वाकून त्यांनी विचारलं, "हे तुमचं मशीन बसवायला जागा किती लागते?"

दोन दिवसांनी आप्पांचा फोन आला. "अभिनंदन शिरूरकर! पेपरात फोटो बघितला. आपला प्रोग्राम लई लांब गेला म्हणायचा."

'आपला' म्हणाले ते. सांगायची ती वेळ होती. मी म्हणालो, "सगळी तुमचीच कृपा, आप्पा." दुसऱ्यांच्या सत्कारात मी ज्या वाक्यांना हसत आलो, त्यांतलंच हे एक.

त्यानंतर सात-आठ महिन्यांनी दौंडच्या मित्राचा फोन आला. त्याला हसू आवरत नव्हतं.

"अहो, आज गंमत झाली. ते रेल्वेतले आप्पा आहेत ना, त्यांनी साहेबाला दुकानात आणलं. म्हणे हा प्रोग्राम मी लिहिलाय, दाखवा. मी म्हणालो, आप्पा, हे तर शिरूरच्या आमच्या दोस्ताचं. उघडून दाखवलं की तुमचं नाव. साहेब बघतो, आप्पा बघतायत. मग साहेब हसला आणि म्हणाला, 'चलो, कोई बात नहीं, चाय तो पिलाओ.' आप्पांचं तोंड बघायला हवं होतं तुम्ही."

हळूहळू विचारून मी बाकीचं काढून घेतलं. विभागाच्या कार्यालयात संगणकाच्या कामाची एक जागा निघाली होती. खुर्चीतली जागा. आप्पांनी अर्ज केला होता, गुडघ्यांसाठी. पदवी नव्हती, म्हणून अर्जात लिहिलं होतं की आपण केलेला प्रोग्राम दौंड-शिरूरच्या छापखान्यांतून चालतो. तपासणीसाठी आलेला साहेब म्हणाला, चला, दाखवा. स्टेशनच्या समोरच तर होतं.

"ते खरंच त्यांचं आहे," मी मित्राला म्हणालो.

त्याचं हसू थांबलं. मग तो म्हणाला, "मग तुमचं नाव कसं?"

दुसऱ्या दिवशी मी दौंडला गेलो. एसटीत बसून पत्र लिहून नेलं होतं, साहेबाच्या नावाने. आप्पा ड्यूटीवरून आले होते. बायको कोमट पाण्याची पिशवी त्यांच्या गुडघ्यावर धरून बसली होती. मला बघून ती उठून आत गेली. ह्या खेपेला चहाचं तिने विचारलं नाही.

मी पत्र दिलं. आप्पांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं: "सदर प्रोग्रामचे मूळ लेखक… यांचे नाव नजरचुकीने समाविष्ट करावयाचे राहून गेले, त्याबद्दल दिलगिरी…"

ते थांबले. वर माझ्याकडे बघितलं नाही. खिशातलं पेन काढून त्यांनी एका शब्दावर आडवी रेघ मारली आणि कागद परत दिला.

'नजरचुकीने' खोडलं होतं.

"राहून ग्येलं बी न्हाई," ते म्हणाले. "जसं झालं तसं लिवा."

तिथेच, त्यांच्या टेबलावर, मी पुन्हा लिहिलं. 'मी त्यांचे नाव काढले व स्वतःचे घातले.' सात शब्दांचं वाक्य. इतकी वर्षं मी दुनियेचा मजकूर टाइप करत होतो, पण ह्या सात शब्दांना मला तीन कागद लागले. पहिल्या दोन कागदांवर मी नकळत 'नाव काढले गेले' असं लिहीत होतो, म्हणजे नाव काढणारा कुणीच उरत नव्हता.

त्यांनी पत्र घडी करून त्या प्लॅस्टिकच्या फायलीत ठेवलं. मी सोबत एक सीडीही नेली होती. तिच्यात तोच प्रोग्राम होता, खिडकीत आता मोठ्या अक्षरात आप्पांचं नाव.

"हे न्हाई चालायचं," ते म्हणाले.

"का? तुमचं नाव आहे की."

"आत कंपनीचं जोडल्यालं हाय का न्हाई? मग माझं नाव घालून काय करता? माझ्या नावानं कुलूप लावता व्हय? आधी सोडवा. दोन खिडक्या करा. मग नाव ठिवा, कोड ठिवा, कागद ठिवा. त्यात माझं नाव बारीक आसलं तरी चालंल."

मी सोडवलं. मग एकेका छापखान्यात जाऊन जुनं काढलं आणि दोन खिडक्यांचं बसवलं. प्रत्येकाचा तोच प्रश्न: चांगलं एक बटण होतं, ते का काढलं? दौंडच्या मित्राला सगळं माहीत होतं, त्याला सांगावं लागलं नाही. पण त्यानंतर माझ्यासमोर तो प्रत्येक पत्रिकेतली नावं मोजायला लागला. कुरकुंभला एकजण कंपन्यांचे गेटपास छापायचा. त्याला मी सांगितलं की ते काम दुसऱ्याचं होतं, मी आपलं म्हणून दिलं होतं. तो म्हणाला, "मग शाल परत केली का?" मी म्हणालो, नाही. तो म्हणाला, "ठेवा, थंडी येतेय."

हे मी सगळीकडे सांगितलं असतं तर आज थोडं हलकं वाटलं असतं. कोरेगाव भीमाच्या छापखान्यात दोन-तीन गिऱ्हाइकं बसली होती. मालकाने मोठ्या कौतुकाने माझी ओळख करून दिली, हेच ते शिल्पकार म्हणून. बटण का काढलं, असं त्याने विचारल्यावर मी म्हणालो, "जुन्यात व्हायरस होता." त्याने माझे आभार मानले आणि चहा मागवला. तो चहा मी प्यालो. तिथे मी परत कधी गेलो नाही. आज तो छापखाना नाही आणि मालकही नाही.

पत्र पोचायच्या आत ती जागा भरली गेली होती. आप्पांनीच फोन करून सांगितलं, पाऊसपाण्याचं सांगावं तसं. पत्र वेळेत असतं तर जागा मिळाली असती का, ते मला माहीत नाही. मिळाली नसती असं स्वतःला सांगायचा मी बराच प्रयत्न केला. निवृत्तीपर्यंतची उरलेली वर्षं ते खडीतूनच चालले. मधूनमधून मी दौंडला जात असे. प्रोग्रामच्या नव्या अडचणी निघत, त्या ते आधीच्यासारख्याच सोडवून देत. दारात काढलेल्या त्यांच्या बुटांकडे बघायचं मात्र मी टाळत असे. डावा बूट एकाच बाजूने झिजलेला असे.

त्यांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका मला टपालाने आली. मी लग्नाला गेलो. मांडवात भाषणं चालू होती, कुणीतरी माइकवरून उपस्थितांची नावं वाचत होतं आणि ती संपत नव्हती. जेवणाच्या पंगतीकडे जाताना आप्पांनी मला हाताला धरून थांबवलं आणि जावयासमोर उभं केलं.

"हे शिरूरचे," ते जावयाला म्हणाले. "माझा प्रोग्राम ह्यांच्या दुकानात चालतो."

एवढं बोलून ते माझ्याकडे बघत राहिले. वाक्य साधंच होतं. पण तेच वाक्य त्यांनी एकदा त्या साहेबासमोर म्हटलं होतं आणि तेव्हा त्याला होकार द्यायला कुणी नव्हतं.

"हो," मी म्हणालो. "त्यांचाच आहे. त्यांनीच लिहिलाय."

जावयाने मान हलवली. त्याला ह्यात काहीच रस नव्हता. डोक्यावरचा फेटा सावरत त्याने विचारलं, "जेवलात का?"